न मागितलेली गाडी : नुच्चो बेर्तोने

मायकल जॅक्सनचा 'मूनवॉकर' (१९८८) ज्यांनी बघितलाय त्यांना त्यातली एक गाडी नक्की आठवत असेल. मायकल एका क्षणात स्वतःच गाडी होऊन जातो आणि सुसाट निघतो. ती गाडी म्हणजे जमिनीला चिकटलेली, पुढे टोकदार आणि मागे जाड, सुताराच्या पेटीतल्या पाचरीसारखी. बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं सिनेमावाल्यांच्या डोक्यातून निघालंय. पण ते रूप सिनेमाच्या १८ वर्षं आधी, १९७० मध्ये, इटलीतल्या तुरिन शहरात तयार झालं होतं. ती खरीखुरी, इंजिन असलेली, रस्त्यावर धावणारी गाडी होती. तिचं नाव लान्चिया स्ट्रॅटोस झीरो.

मित्रांनो, ही गाडी ज्या माणसाने बनवून घेतली, त्या नुच्चो बेर्तोने यांच्याविषयी मला आज लिहायचंय. मी मुद्दामच 'बनवून घेतली' म्हणते. बेर्तोने या नावाने जगभर गाजलेल्या बहुतेक गाड्यांची ड्रॉईंग्ज नुच्चो बेर्तोने यांनी स्वतः काढलेली नाहीत. मग हा माणूस नेमकं करत काय होता, आणि तरीही गाड्यांवर त्याचंच नाव का, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. त्यांचं आयुष्य वाचत गेले तसं त्याचं उत्तर थोडं थोडं सापडत गेलं.

नुच्चो यांचं पाळण्यातलं नाव जुझेप्पे. जन्म ४ जुलै १९१४, तुरिन. त्यांच्या जन्माच्या दोनच वर्षं आधी, १९१२ मध्ये, वडील जोवान्नी बेर्तोने यांनी तुरिनमध्ये एक छोटा कारखाना काढला होता. काम होतं घोडागाड्या बांधायचं आणि दुरुस्त करायचं. पुढे मोटारी आल्या आणि कारखाना मोटारींच्या बॉडी बांधू लागला. अशा कारखान्याला इटलीत 'कारोत्सेरिया' म्हणतात. हा धंदा आपल्याला समजायला मुळीच अवघड नाही. आपल्याकडे ट्रकचा चॅसिस कंपनीतून येतो आणि त्यावर बॉडी चढवणारे कारखाने वेगळे असतात. हायवेवरून जाताना नुसता सांगाडा चालवत नेणारे ड्रायव्हर आपण पाहिलेच आहेत. त्या काळी मोटारींचंही तसंच होतं. इंजिन आणि सांगाडा एकाचा, त्यावरचे पत्र्याचे कपडे दुसऱ्याचे.

या धंद्यात एक मोठी गोम आहे. कपडे शिवणाऱ्याचं पोट कापड आणून देणाऱ्यावर अवलंबून असतं. मोठ्या कंपनीने ऑर्डर दिली तर कारखाना चालू, नाही दिली तर कारागीर घरी. नुच्चो विशीच्या आसपास, म्हणजे आपल्याच वयाचे असताना, वडिलांच्या हाताखाली कामाला लागले आणि ही गोम त्यांनी जवळून पाहिली. त्यांचं सगळं आयुष्य या एका गोष्टीशी झगडण्यात गेलं असं मला वाटतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीची परिस्थिती वाईट होती आणि बेर्तोनेंच्या कारखान्याचीही. शिवाय मोटारींचं तंत्र बदलत चाललं होतं. बॉडी आणि सांगाडा एकजीव करून एकाच कारखान्यात गाडी बनवायची पद्धत येत होती. मग वेगळे कपडे शिवणाऱ्याला विचारतो कोण? तुरिनमधल्या कितीतरी कारोत्सेरिया पुढच्या वर्षांत बंद पडल्या. नुच्चो या दिवसांत स्वतः रेसमध्ये गाड्या चालवत होते. फियाट, ओस्का, मासेराती, फेरारी अशा गाड्यांवर त्यांनी हात साफ केला. स्टिअरिंगवर बसायची ही आवड त्यांना पुढे एका महत्त्वाच्या दिवशी उपयोगी पडली, ते पुढे सांगतेच.

१९५२ साली तुरिनच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी एक धाडस केलं. कोणी मागितलं नसताना त्यांनी एम.जी. या इंग्लिश कंपनीचे दोन सांगाडे घेतले, त्यांवर आपल्या बॉडी चढवल्या आणि त्या दोन गाड्या प्रदर्शनात उभ्या केल्या. अमेरिकेतल्या शिकागोचे एक मोटार व्यापारी, स्टॅन्ली आर्नोल्ट, तिथे आले होते. त्यांना गाड्या आवडल्या. आता ते दोन्ही गाड्या विकत घेतील एवढीच काय ती अपेक्षा. आर्नोल्ट यांनी प्रत्येकी १०० अशा २०० गाड्यांची मागणी नोंदवली! जवळजवळ रिकाम्या कारखान्याला एका दिवसात काम मिळालं. कोणी मागायची वाट बघायची नाही, आधी बनवून समोर ठेवायची, हा धडा बेर्तोने यांनी बहुधा त्या दिवशी घेतला आणि पुन्हा पुन्हा वापरला.

त्यांची दुसरी कला म्हणजे माणसं ओळखणं. या काळात त्यांनी फ्रान्को स्काल्योने यांना हाताशी धरलं. स्काल्योने यांचा आपल्या देशाशी एक वेगळाच संबंध आहे. महायुद्धात ते इटलीच्या सैन्यात होते, आफ्रिकेत ब्रिटिशांच्या हाती सापडले आणि युद्धकैदी म्हणून त्यांना थेट हिमालयाच्या पायथ्याशी, योल इथल्या छावणीत ठेवलं गेलं. तिथून सुटून ते १९४६ मध्ये घरी परतले. विमानांचं शास्त्र त्यांच्या आवडीचं. त्यांनी बेर्तोनेंसाठी अल्फा रोमिओच्या सांगाड्यावर १९५३, १९५४ आणि १९५५ मध्ये तीन गाड्या केल्या. त्यांना बी.ए.टी. ५, ७ आणि ९ म्हणतात. मागे वटवाघळाच्या पंखांसारखे वळलेले पत्रे. दिसायला विचित्र, पण बी.ए.टी. ७ चा ड्रॅग कोएफिशंट ०.१९ होता असं सांगतात. आजच्या चांगल्या गाड्यांनाही तो ०.२ च्या आसपास आणायला घाम फुटतो. तेही कॉम्प्युटर हाताशी असताना. १९५४ मध्येच अल्फा रोमिओची जुलिएत्ता स्प्रिंट आली. सुरुवातीला थोड्याच गाड्या काढायचं ठरलं होतं, पण मागणी इतकी आली की बेर्तोनेंचा कारखाना हजारोंच्या संख्येने बॉडी बनवू लागला. तुरिनजवळ ग्रुल्यास्को इथे मोठा कारखाना उभा राहिला. बग्गी दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा उद्योगपती झाला.

१९५९ मध्ये स्काल्योने गेले आणि त्यांच्या जागी आला जोर्जेत्तो जुजारो. वय २१. म्हणजे आपल्या थर्ड इयर-फायनल इयरच्या मुलाएवढा! बेर्तोने यांनी त्याच्या हाती डिझाईनचं सगळं काम दिलं. लष्करी सेवेत असतानाही हा पोरगा बेर्तोनेंसाठी ड्रॉईंग्ज काढत होता. १९६५ मध्ये जुजारो सोडून गेला. कोणाही मालकाला वाटेल की आता संपलं. बेर्तोने यांनी मार्चेल्लो गांदिनी याला बोलावलं. गंमत म्हणजे गांदिनी आणि जुजारो दोघेही ऑगस्ट १९३८ चे. एकाच महिन्यात जन्मलेली दोन मुलं, दोघांचा ठावठिकाणा एकाच माणसाला लागला. पुढे मोटार डिझाईनच्या जगात या दोघांच्या तोडीची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

गांदिनीचं पहिलं मोठं काम म्हणजे लॅम्बोर्गिनी मिउरा. नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने नुसता सांगाडा मांडला होता, इंजिन मध्ये आणि तेही आडवं बसवलेलं. बॉडीचं काम बेर्तोनेंनी मिळवलं आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात पूर्ण गाडी उभी होती. जेमतेम चार महिन्यांत! मिउरा बघून लोक वेडे झाले. मात्र ती खूप वेगात गेली की तिचं नाक हलकं व्हायचं.

इथे थोडं शास्त्र बघूया, कारण पाचरीचा जन्म इथेच आहे. विमानाच्या पंखाचा आडवा छेद आठवा. वरची बाजू फुगीर, खालची सपाट. वरून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि पंख उचलला जातो. गोलसर गाडीचंही थोडंफार असंच होतं. त्यात नाकाखालून हवा शिरली की आणखी उचल मिळते. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी नीट वळत नाही. उपाय काय? नाक जमिनीलगत आणायचं, म्हणजे खाली हवा कमी शिरेल. आणि नाकापासून मागे एकच सरळ चढ द्यायचा, म्हणजे समोरून येणारी हवा त्या चढावर आपटून गाडीला खाली दाबेल. झाली पाचर. ही कल्पना त्या वेळी हवेतच होती. १९६८ मध्ये इंडियानापोलिसच्या रेसमध्ये लोटसच्या पाचरीसारख्या गाड्या धावल्या होत्या.

त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात बेर्तोने यांनी गांदिनीची काराबो मांडली. खाली सांगाडा अल्फा रोमिओ ३३ या रेसच्या गाडीच्या घराण्यातला, वर हिरवी चमचमती पाचर. काराबो हे नाव एका भुंग्याच्या जातीवरून आलेलं. उंची फक्त ९९ सेंटिमीटर. दारं बाजूला न उघडता वर उचलली जायची. आज लॅम्बोर्गिनीची म्हणून जी दारं आपण पोस्टरवर बघतो, ती आधी या गाडीला होती.

तुरिनमध्ये आता चुरस लागली. बेर्तोनेंचे जुने प्रतिस्पर्धी पिनिनफरिना यांनी मार्च १९७० मध्ये जिनिव्हाला फेरारीच्या सांगाड्यावरची मोदुलो आणली. उंची ९३.५ सेंटिमीटर. बेर्तोने आणि गांदिनी यांनी ठरवलं की आपण आणखी खाली जायचं. किती खाली जाता येईल, हाच प्रश्न. उत्तर आलं ८४ सेंटिमीटर. नेहमीच्या जेवणाच्या टेबलाहून जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर उंच! त्यात दोन माणसं आणि मागे चालू इंजिन.

हीच ती स्ट्रॅटोस झीरो. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७० च्या तुरिन प्रदर्शनात ती दिसली. तिला आत शिरायला बाजूला दार नाही. समोरची काच वर उचलायची, स्टिअरिंगचा खांब पुढे ढकलायचा, नाकावर टाकलेल्या काळ्या रबरी पट्टीवर पाय ठेवायचा आणि आत उतरायचं. बसायचं म्हणजे जवळजवळ आडवंच व्हायचं. पुढचे दिवे म्हणजे नाकाच्या धारेवर एका ओळीत बसवलेले दहा छोटे दिवे. इंजिन लान्चिया फुल्वियाचं, १.६ लिटरचं, चार सिलिंडरचं, मध्ये बसवलेलं, आणि त्यावर त्रिकोणी पट्ट्यापट्ट्यांचं झाकण. आपल्या मशीन ड्रॉईंगच्या भाषेत सांगायचं तर साईड व्ह्यू हा जवळजवळ एक त्रिकोण, आणि फ्रंट व्ह्यू म्हणजे एक बारीक फट. एवढ्या कमी रेषांमध्ये एवढी गाडी बसवलेली मी तरी दुसरी पाहिली नाही.

आता प्रश्न असा की हे सगळं कशासाठी? अशा गाडीतून कोण भाजी आणायला जाणार? बेर्तोने हिशेबी माणूस होता, नुसत्या हौसेसाठी त्यांनी हे केलं नव्हतं. त्यांची नजर लान्चियावर होती. लान्चिया ही तुरिनमधलीच जुनी, मानाची कंपनी, पण तिची कामं परंपरेने पिनिनफरिनाकडे जायची. १९६९ मध्ये फियाटने लान्चिया ताब्यात घेतली होती. तिची रॅलीत धावणारी फुल्विया म्हातारी होत चालली होती आणि तिच्या जागी काय आणायचं याचा विचार चालू होता. दार किंचित किलकिलं होतं. बेर्तोने यांनी जुन्या फुल्वियाचं इंजिन घेतलं आणि लान्चियाला न विचारता, लान्चियाच्या नावाची गाडी बनवली. पुन्हा एकदा, न मागितलेली गाडी.

लान्चियाच्या माणसांनी गाडी दाखवायला बोलावलं. १९७१ च्या सुरुवातीचा तो दिवस. दुसरा कोणी असता तर गाडी ट्रेलरवर चढवून, वर ताडपत्री टाकून नेली असती. बेर्तोने तेव्हा ५६ वर्षांचे होते, मोठ्या कारखान्याचे मालक. ते स्वतः आडवे होऊन झीरोत बसले आणि तुरिनच्या रस्त्यांवरून, ट्रक आणि बसच्या चाकांमधून वाट काढत, लान्चियाच्या रेसिंग विभागापर्यंत गेले. फाटकावर आडवा दांडा होता. पहारेकरी दांडा वर करायच्या आतच बेर्तोने त्या दांड्याखालून गाडी घेऊन आत गेले! आतले कामगार टाळ्या वाजवू लागले. ही हकीकत त्या गाडीइतकीच प्रसिद्ध झाली.

मला या प्रसंगातली चतुराई फार आवडते. ८४ सेंटिमीटर हा आकडा कागदावर लिहिला असता तर समोरच्यांनी मान हलवली असती आणि फाईल बंद केली असती. दांड्याखालून गेलेली गाडी कोणी विसरू शकत नाही.

मात्र लान्चियाने झीरो विकत घेऊन रॅलीत पळवली असं झालं नाही, आणि तसं होणं शक्यही नव्हतं. रॅली म्हणजे बर्फ, चिखल, दगडगोटे, घाटाची वळणं. तिथे जमिनीला घासणारी आणि बाहेरचं नीट न दिसणारी गाडी काय कामाची? लान्चियाचे रॅली संघप्रमुख चेझारे फिओरिओ यांना हवी होती खास रॅलीसाठीच बनवलेली गाडी. तोपर्यंत रॅलीत साध्या विक्रीच्या गाड्याच सुधारून वापरत. गांदिनीने पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात केली आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये स्ट्रॅटोस एच.एफ. चा नमुना तयार झाला. झीरोतला एकही पत्रा तिच्यात नाही. राहिलं ते मूळ तत्त्व. पाचरीचा आकार, मध्ये इंजिन, आणि आखूड बांधा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त २.१८ मीटर, म्हणजे गाडी घाटात भिंगरीसारखी वळणार. समोरची काच मात्र आता डोळ्यांसमोर गोल वळवलेली, हेल्मेटच्या काचेसारखी, म्हणजे वळणापलीकडचं दिसावं. दारांच्या आत हेल्मेट ठेवायला खोल कप्पे. इंजिन फेरारी डिनोचं, २.४ लिटरचं व्ही-सिक्स. फेरारीने ती इंजिनं द्यायला बराच वेळ लावला, पण शेवटी ती आली. नियमाप्रमाणे सुमारे ५०० गाड्या काढायच्या होत्या. त्यांच्या बॉडी बेर्तोनेंच्याच कारखान्यात तयार झाल्या. म्हणजे ज्या कामासाठी सगळा खटाटोप केला, ते काम मिळालं.

निकाल तर इतिहासात आहे. १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद लान्चियाने जिंकलं. सान्द्रो मुनारी यांनी १९७५ ते १९७७ सलग तीनदा मोन्टे कार्लो रॅली मारली. १९७९ मध्ये कंपनीने लक्ष काढून घेतल्यावरही बर्नार दार्निश यांनी खासगी संघाच्या स्ट्रॅटोसवर तीच रॅली पुन्हा जिंकली.

यानंतर बेर्तोने यांनी पाचर सामान्य माणसाच्या खिशापर्यंतही आणली. १९७२ मध्ये फियाट एक्स वन-नाईन आली. छोटं इंजिन, पण बांधा तोच. ती जवळजवळ १७ वर्षं बनत राहिली. फियाटने तिच्यातून अंग काढून घेतल्यावर १९८२ पासून बेर्तोने यांनी ती आपल्याच नावाने विकली. गांदिनी १९७० च्या दशकाच्या शेवटी स्वतंत्र झाला. बेर्तोने मात्र काम करतच राहिले. सित्रोएन, व्होल्व्हो, ओपेल अशा कंपन्यांची कामं त्यांनी ग्रुल्यास्कोला आणली. २६ फेब्रुवारी १९९७ रोजी, ८२ व्या वर्षी, तुरिनमध्येच त्यांचं निधन झालं. जिनिव्हाचं प्रदर्शन तेव्हा अगदी तोंडावर आलं होतं.

ते गेल्यावर दहा वर्षंच कारखाना कसाबसा तगला. मोठ्या कंपन्या अशा गाड्या आपल्याच कारखान्यात बनवू लागल्या, ऑर्डरी आटल्या. २००९ मध्ये ग्रुल्यास्कोचा कारखाना फियाटने घेतला आणि २०१४ मध्ये डिझाईनची कंपनीही दिवाळखोरीत गेली. झीरोचा तर त्याआधीच, २०११ मध्ये लिलाव झाला. साडेसात लाख युरोंहून जास्त किंमत आली. जी गोम जोवान्नी बेर्तोनेंच्या काळात होती, तीच शेवटी घराण्याला भोवली. नुच्चो यांनी ती आयुष्यभर हुलकावणी देऊन लांब ठेवली होती, एवढंच.

तुरिनच्या या परंपरेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही आला आहे. १९९८ मध्ये टाटांनी पहिली भारतीय गाडी म्हणून जी इंडिका पुण्यात बनवली, तिच्या रूपावर तुरिनच्याच आय.डी.ई.ए. या संस्थेने काम केलं होतं. म्हणजे मोठी कंपनी आणि वेगळा डिझाईनवाला ही जोडी आपल्या ओळखीची आहे.

आता सुरुवातीचा प्रश्न. ड्रॉईंग गांदिनीचं, मग श्रेय कोणाचं? मिउराच्या बाबतीत तर जुजारो की गांदिनी यावर वर्षानुवर्षं वाद झाला. आपल्याकडेही प्रोजेक्ट ग्रुपमध्ये हेच चालतं. एकाने कॅडचं मॉडेल केलं, एकाने वेल्डिंग केलं, आणि एकजण स्पॉन्सरच्या दारात चपला झिजवत होता. व्हायवाला विचारतात, डिझाईन कोणी केलं? चपला झिजवणारा खाली मान घालून उभा. मला वाटतं रेषा गांदिनीची आहे, ती त्याच्याच नावावर राहावी, आणि आता जग ती त्याच्याच नावावर लिहितंय हे चांगलंच झालं. पण त्या रेषेसाठी पैसे घालणं, कोणी मागितलं नसताना ती पत्र्यात उतरवणं, २१ आणि २७ वर्षांच्या पोरांवर सगळा कारखाना सोपवणं, आणि शेवटी स्वतः त्यात आडवं होऊन फाटकाखालून जाणं, हेही काम कोणीतरी करावं लागतं. ते केलं नसतं तर स्ट्रॅटोस गांदिनीच्या टेबलाच्या खणातच राहिली असती.

आपल्या ग्रुपमधल्या त्या चपला झिजवणाऱ्याचं नाव पुढच्या वेळी रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहूया. आणि आपण बनवलेलं कोणी मागितलं नाही म्हणून लॅबच्या कपाटात कुलूपबंद करण्याआधी ते एकदा बाहेर काढून, चालवून, ज्याला दाखवायचंय त्याच्या फाटकापर्यंत नेऊन बघूया. दांडा खाली असेल कदाचित. त्याखालून जाण्याइतकी गाडी बारीक आहे का, ते तिथे गेल्यावरच कळेल.